आत्मकथनाचे मौन आणि कादंबरी

जेनिफर कियाव्हेरिनी यांच्या ‘मिसेस लिंकन्स ड्रेसमेकर’ (२०१३) या कादंबरीचा मुख्य आधार म्हणजे एलिझाबेथ केकली यांचे १८६८ मधील ‘बिहाइंड द सीन्स’ हे आत्मकथन. केकली यांचा जन्म व्हर्जिनियातील गुलामगिरीत झाला. १८५५ साली बाराशे डॉलर भरून त्यांनी स्वतःला आणि मुलाला सोडवले. ग्राहक स्त्रियांनी उभी केलेली ही रक्कम त्यांनी कर्ज म्हणूनच घेतली आणि शिवणकाम करून फेडली. पुढे वॉशिंग्टनमध्ये त्यांनी आधी जेफरसन डेव्हिस यांच्या पत्नीचे आणि १८६१ पासून मेरी लिंकन यांचे पोशाख शिवले.

आत्मकथनाच्या पंधरा प्रकरणांपैकी गुलामगिरीच्या वाट्याला तीनच येतात. एका गोऱ्या पुरुषाने चार वर्षे केलेला छळ आणि त्यातून लादलेले मातृत्व केकली मोजक्या वाक्यांत उरकतात. त्याचे नावही घेत नाहीत. तो मुलगा, जॉर्ज, ऑगस्ट १८६१ मध्ये विल्सन्स क्रीकच्या लढाईत मारला गेला. ही वार्ता येते ती विली लिंकनच्या मृत्यूच्या वर्णनात, ओघात. मालकिणीचा शोक सविस्तर आणि स्वतःचा पुसटसा! गोऱ्या ग्राहकांवर पोट असलेल्या लेखिकेची ही प्रमाणे होती. त्यांमागे सक्ती होती.

कादंबरी हीच प्रमाणे स्वीकारते. ती वॉशिंग्टनमध्ये सुरू होते आणि गुलामगिरी नायिकेच्या आठवणींपुरती उरते. जे त्या स्त्रीने सांगायचे नाकारले ते आपण कोणत्या अधिकाराने सांगावे, असा बचाव करता येईल, आणि तो क्षुल्लक नाही. परंतु मग ते मौन मौन म्हणून वाचकाला जाणवावयास हवे. येथे ते जाणवत नाही. दस्तऐवजाशी राखलेली निष्ठा त्यामागील सक्तीशीही निष्ठा ठरते.

शिवणकामाचेही तेच. कापड अंगावर बेतणारी स्त्री सत्ताधाऱ्यांचे शरीर जवळून ओळखते. ही दृष्टी कथनाचे केंद्र होऊ शकली असती. बहुतेक ठिकाणी सुई हा केवळ त्या दालनातील प्रवेशपरवाना राहतो आणि आत गेल्यावर राजकीय वार्ताच कानी पडतात. अपवाद १८६७ मधील न्यूयॉर्कच्या प्रसंगाचा. कर्जबाजारी मेरी लिंकन जुने पोशाख विकावयास काढतात, लोक येऊन ते हाताळतात आणि न घेताच निघून जातात; आणि आपला धंदा मागे टाकून आलेली शिवणकारीण ते पाहत उभी असते.