‘वरिष्ठ सभागृह’ : एका संज्ञेची चिकित्सा

विधान परिषदेस ‘वरिष्ठ सभागृह’ संबोधण्याचा प्रघात रूढ आहे. ही संज्ञा राज्यघटनेतील नव्हे; तीतून सूचित होणारा अधिकारही घटना देत नाही. अनुच्छेद १९७ अन्वये परिषद सामान्य विधेयक प्रथम तीन महिने व पुन्हा एक महिना लांबवू शकते. अंतिम निर्णय विधानसभेचाच. मुळशी तालुक्यातील नांदे गावचा मतदार विधानसभेचा सदस्य प्रत्यक्ष निवडतो. परिषदेच्या ७८ जागांपैकी प्रत्यक्ष मताच्या जागा अवघ्या १४, त्याही पदवीधर व शिक्षक यांच्या. म्हणजे तेथील अल्पशिक्षित शेतकऱ्याचे मत ज्या सभागृहास लाभते, नेमके तेच ‘कनिष्ठ’ ठरते! पुनर्विचारास अवसर देणे हे परिषदेचे कार्य मोलाचे खरे. परंतु ते श्रेष्ठत्वाचे द्योतक नव्हे. यास्तव ‘द्वितीय सभागृह’ हीच संज्ञा यथार्थ होय.