सिंह गेला की गड गेला?

आपल्या जुन्या कादंबरीतला कर्ता पुरुष सहसा नुसता माणूस म्हणून आपल्यासमोर येत नाही. शौर्यात तो सिंह असतो, धैर्यात मेरू, गांभीर्यात सागर आणि दानात कर्ण. १८६१ ची ‘मुक्तामाला’ किंवा १८६८ ची ‘मंजुघोषा’ ज्या काळात लिहिली गेली, त्या काळच्या लेखकांना संस्कृत काव्याचे भांडार वारशाने मिळाले होते, आणि वारसदाराने उधळावे तसे त्यांनी ते उधळले. वाचताना मौज वाटते, नाही असे नाही. परंतु एका नायकाची उपमा काढून दुसऱ्याला लावली तरी काही बिघडत नाही, हे लवकरच ध्यानात येते. एकाच मापाने बेतलेले अंगरखे कुणालाही चढतात. नीट मात्र कुणालाच बसत नाहीत.

मग माणसाचा स्वभाव सांगणारी उपमा पारखावी कशी? माझी कसोटी साधी, शाळामास्तराची आहे. तो माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांचे नेमके काय गेले, हे त्या उपमेतून कळले पाहिजे.

या कसोटीसाठी उदाहरण शोधायला मला लांब जावे लागत नाही. आमच्या महाडच्या शेजारी, पोलादपूर तालुक्यात उमरठ नावाचे गाव आहे. तानाजी मालुसऱ्यांचे हे गाव. त्यांची समाधीही तेथेच आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा घेताना ते पडले. हरि नारायण आपट्यांनी १९०३ साली त्यांच्यावर कादंबरी लिहिली आणि तिला नाव दिले ‘गड आला पण सिंह गेला’. मराठीत माणसाच्या स्वभावाचे इतके गाजलेले रूपक दुसरे क्वचितच असेल. कादंबरी न वाचलेल्या माणसालाही ते पाठ असते.

आता जरा मागे जाऊ. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर राजाराम महाराजांच्या काळी, सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिली. घटना घडून तेव्हा पुरती तीस वर्षेही झाली नव्हती. कोंढाण्याची बातमी येते तेव्हा त्या बखरीत महाराजांच्या तोंडी सिंह नाही. हाती आलेल्या एका गडापायी आपण दुसरा गड गमावला, अशा अर्थाचे उद्गार तेथे आहेत. म्हणजे सभासदाने तानाजीला सिंह केले नाही, गड केले. आणि गंमत अशी की कोंढाण्याचे ‘सिंहगड’ हे नाव १६६३ च्या पत्रातही आढळते. सिंह आधीपासून गडाच्या नावात होता. बखरीने माणसाला गड म्हटले.

सिंह कशाने ओळखला जातो? झेपेने आणि गर्जनेने. तो एकटा असला तरी शोभतो. गडाचे मोठेपण निराळे आहे. त्याच्या आडोशाला माणसे राहतात, संकटात तेथे धाव घेतात, आणि तो पडला की उघड्यावर येतात. परंपरेने सांगितलेली त्या रात्रीची हकीकत आठवा. तानाजी पडताच मावळ्यांचा धीर सुटला, ते माघारी पळू लागले, आणि सूर्याजीने त्यांना आवरून पुन्हा लढायला उभे केले. झेप घेणारा गेला म्हणून माणसे अशी सैरभैर होत नाहीत. ज्याच्या आधाराने उभी होती तो गेला म्हणून होतात. शिवाय हा गृहस्थ घरचे लग्नकार्य बाजूला ठेवून मोहिमेवर निघाला होता. सिंहाला मुलाच्या लग्नाची आमंत्रणे करावी लागत नाहीत.

हरिभाऊंवर अन्याय करण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या पुण्यात १८८१ पासून ‘केसरी’ निघत होता. पारतंत्र्यातल्या त्या वाचकाला गर्जना ऐकायची भूक होती, आणि ती सिंहानेच भागणार होती. दुसरे असे की अलंकाराशिवाय पुरुषाचा स्वभाव कसा दाखवावा, हेही मराठीला शिकवले ते हरिभाऊंनीच. ‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्ये यमू आपल्या घरातल्या पुरुषांची हकीकत सांगते. शंकरमामंजींना कोल्हा किंवा साप म्हणण्याची तिला गरज पडत नाही. ते काय करतात हे ती सांगत जाते, आणि वाचकाच्या अंगावर काटा येतो.

खंत आहे ती आपल्याविषयी. हरिभाऊंच्या दोन वाटांपैकी आपण फक्त सिंहाची उचलली. आज महाडच्या पेठेतून चालत जावे, तर प्रत्येक वाढदिवसाच्या फलकावर कुणीतरी वाघ किंवा सिंह असतो. आमच्या रानात सिंह कुणाच्या पणज्यानेही पाहिलेला नाही. शोकसभेतही तेच. गेलेला गृहस्थ तीस वर्षे भावकीचे तंटे मिटवत असला, तरी भाषणात त्याला डरकाळी फोडावीच लागते. त्याचे खरे मोठेपण त्या शब्दाखाली गाडले जाते, आणि ऐकणाऱ्या मुलांची समजूत होते की आवाज चढवणारा तोच पुरुष.

उपमा आणि रूपक शिकवताना मी एकदा वर्गाला आपापल्या आजोबांवर एक वाक्य लिहायला सांगितले. निम्म्या वह्यांत सिंह निघाले. एका मुलाने मात्र लिहिले होते, “आमचे आजोबा म्हणजे ओटीवरचा खांब. सगळे त्याला टेकतात, तो कुणाला टेकत नाही.” त्या मुलाने सभासदाचे नावही ऐकले नव्हते. पण घर कशावर उभे आहे हे त्याला ठाऊक होते, आणि सभासदाची जातीची नजर त्याच्यापाशी होती.

या दिवाळीत अंगणात पोरांचे किल्ले उभे राहतील. कुणीतरी एखाद्या गुहेत मातीचा सिंहही बसवील, बसवू द्यावा. फराळाला बसल्यावर मात्र त्यांना उमरठच्या या माणसाची गोष्ट सांगावी, आणि विचारावे : आपल्या घरात, आपल्या आळीत असा गड कोण आहे? मुले कदाचित आजीचे नाव घेतील. त्यांना अडवू नये.