काशीचे एक छायाचित्र आणि बीटल्सची तबकडी

वाराणसीच्या गल्ल्यांतून सतारीचा, योगाचा आणि परदेशी पाहुण्यांचा जो व्यापार गेली पाच-सहा दशके चालला आहे, त्याचे पाप किंवा पुण्य १९६७ साली लंडनमध्ये निघालेल्या एका ध्वनिमुद्रिकेच्या पदरी घालण्याची रीत पडली आहे. ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ ही बीटल्स या इंग्रज वृंदाची ती तबकडी. तिच्या कीर्तीविषयी इतके लिहिले गेले आहे की, तीत ऐकण्याजोगे काय आहे हा प्रश्न मागेच राहिला. आम्ही येथे तिच्या वेष्टनापुरते आणि एका गीतापुरतेच बोलणार आहोत.

वेष्टन पीटर ब्लेक व जॅन हॉवर्थ या दांपत्याचे. पन्नासाहून अधिक प्रसिद्ध मुखांच्या त्या गर्दीत, जॉर्ज हॅरिसनच्या आग्रहावरून, परमहंस योगानंद आणि त्यांची गुरुपरंपरा उभी आहे. त्यांतले श्यामाचरण लाहिरी हे याच नगरीचे. लष्करी बांधकाम खात्यात हिशेबनिसी करून संसार चालविणारा हा योगी १८९५ साली येथेच निवर्तला. त्यांना आपले छायाचित्र काढून घेणे रुचत नसे, असे योगानंदांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. आणि त्यांचेच छायाचित्र लाखो घरांतून फिरले! गांधीजींची प्रतिमा मात्र कंपनीने काढविली. कारण काय, तर हिंदुस्थानातील ग्राहक दुखावेल. बाजाराला गांधी अडचणीचे वाटले, लाहिरी वाटले नाहीत. कोणी ओळखणार नाही, हीच त्यांची सुरक्षितता असावी.

आता गीताकडे वळू. ‘विदिन यू विदाउट यू’ हे दुसऱ्या बाजूचे पहिले गीत सुमारे पाच मिनिटांचे आहे. बीटल्सपैकी त्यात एकटा हॅरिसन आहे. बाकीचे वादक लंडनवासी भारतीय आणि पाश्चात्त्य तंतुवादक. हॅरिसन १९६६ साली पंडित रविशंकरांकडे सतार शिकण्यास भारतात आला होता, त्याच फेरीत त्याने वाराणसीची रामलीलाही पाहिली. रविशंकरांचा जन्म येथलाच, १९२० चा. या गीताचा स्वरसमूह खमाज थाटाचा. आरंभी त्रिताल चालतो, मध्ये शब्द थांबतात आणि वाद्ये झपतालात शिरतात. तेथे दिलरुबा व सतार एका बाजूस, व्हायोलिन-चेलो दुसऱ्या बाजूस, असा जो सवाल-जवाब रंगतो, तो आमच्या मते या तबकडीतील सर्वांत विचारपूर्वक रचलेला भाग आहे. संयोजक जॉर्ज मार्टिनने इंग्रज वादकांकडून मींड काढून घेण्याचे कष्ट घेतले, ते ऐकू येतात.

दोषही आहेत. दिलरुबा गळ्याची पाठ सोडीत नाही. सारंगीने गायकाला द्यावी तशी मोकळीक ती देत नाही. शब्द उपदेशाकडे झुकतात आणि स्वर त्यांच्या ओझ्याने वाकतो. शेवटी हशा पेरला आहे, तो आम्हांस भित्रेपणाचा वाटतो: गंभीर बोलल्याबद्दल आधीच क्षमा मागितल्यासारखा. तरीही हे शिकू पाहणाऱ्या मनुष्याचे काम आहे, नकलाकाराचे नव्हे. आणि ‘आमचे संगीत बाटविले’ असा ठपका ठेवणाऱ्या आपल्याकडील पंडितांनी ते एकवार शेवटपर्यंत ऐकावे.

नकलाकार पुढे आले. त्यांनी सतारीचा झणत्कार घेतला, झपताल सोडून दिला. १९७१ च्या ऑगस्टात न्यूयॉर्कच्या बांगलादेश मैफलीत श्रोत्यांनी सतार-सरोद जुळविण्यालाच टाळ्या दिल्या. जुळवणीच इतकी आवडली तर वादन अधिक आवडेल, असे रविशंकर हसून म्हणाले. त्या हसण्यात किती वैताग होता, हे अमली धुराने भरलेल्या सभांविषयीचे त्यांचे पुढील उद्गार ज्यांनी वाचले त्यांस सांगावयास नको.

एक गोष्ट मात्र आम्हांस खटकत राहते. अण्णा जोशी आणि अमृत गज्जर यांनी दिलरुबा वाजविला, बुद्धदेव कंसारांनी तंबोरा, नटवर सोनींनी तबला. मूळ वेष्टनावर गीतांचे सगळे शब्द छापले. या चौघांची नावे छापली नाहीत. ती पुष्कळ वर्षांनी अभ्यासकांनी शोधून काढली. जोशी हे नाव वाचून आमच्या ब्रह्माघाटावरील मंडळी हुरळतील, पण ते आडनाव गुजरातेतही तितकेच रुळलेले आहे.