थ्रीडी प्रिंटरची तुलना कशाशी?

अटल टिंकरिंग लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर असतो, पण ती योजना सहावी ते बारावीसाठी. समजा, तुम्ही बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात चौथीच्या वर्गात प्रिंटर नेऊन संशोधन करताय. तुलना कशाशी कराल? नुसत्या फळ्याशी केलीत तर प्रिंटर जिंकणारच! त्यातून फार काही कळत नाही. अरविंद गुप्तांच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबशी करून बघा. त्यात मूल स्वतः घन जोडतं, मोडतं, पुन्हा जोडतं. प्रिंटर थरावर थर चढवतो तेव्हा मूल नुसतं बघत बसतं. मात्र आकार मुलानंच काढला, माप चुकलं आणि त्यानंच ते सुधारलं, तर गोष्ट वेगळी. म्हणून आधी ठरवा, मोजायचं काय: छापलेल्या वस्तू की मुलानं केलेल्या दुरुस्त्या?