घर कोणाचे, भय कोणाचे?

बहुतेक भयपटांत भूत बाहेरून येते आणि सुखवस्तू घराला घाबरवते. ही झाली घरवाल्यांची भीती. जॉर्डन पीलच्या ‘गेट आउट’मध्ये (२०१७) घरच भयंकर आहे. ओबामांना तिसऱ्यांदाही मत दिले असते म्हणणारा गोरा यजमान काळ्या पाहुण्याच्या देहाचा लिलाव मांडतो. राहुल सदाशिवनचा मल्याळी ‘भ्रमयुगम’ (२०२४) मला त्याहून जवळचा वाटला. गुलामीतून पळालेल्या पाणन गायकाला पोट्टी जात कळूनही घरात घेतो, पाहुणा म्हणवतो. मग फासे काढतो. पणाला लावायला काही नाही? तुझा काळ लाव! वेठबिगारीची इतकी नेमकी मांडणी मी पडद्यावर पाहिलेली नाही. ‘तुंबाड’ (२०१८) देखणा खरा. पण वाड्याचा लोभ तो सबंध माणूसजातीच्या नावावर खपवतो. हस्तरला पिठाची भूक, आणि धान्य पिकवणारा मला त्यात कुठेच दिसला नाही.