निबंधातील पूर्वपक्ष : एक भाषिक विचार

पदव्युत्तर वर्गात मतप्रतिपादनाचा निबंध लिहावयास दिला असता, त्याच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक ठरीव वाक्य बहुधा आढळते : 'परंतु नाण्याला दुसरीही बाजू असते.' त्यानंतर तीनचार ओळींत प्रतिपक्षाचे म्हणणे येते, 'तथापि' म्हणून ते बाजूस सारले जाते आणि निबंध पूर्वनियोजित मुक्कामी जाऊन पोहोचतो. परीक्षकही त्या परिच्छेदाचे गुण देऊन मोकळा होतो. पूर्वपक्ष मांडला गेला खरा. पण त्यामुळे लेखकाच्या विधानात एका शब्दाचाही फरक पडलेला नसतो, आणि विरुद्ध मताच्या वाचकास तर आपले म्हणणे येथे ओळखूही येत नाही. या वैगुण्याचे कारण सामान्यतः विद्यार्थ्याच्या तोकड्या वाचनात शोधले जाते. काही अंशी ते तेथे असेलही. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच की, पुष्कळदा हे वैगुण्य वाक्यरचनेतच शिरलेले असते. त्याचा विचार वाक्याच्या पातळीवर केल्यावाचून 'विरोधी मुद्द्यांचीही दखल घ्या' ही अध्यापकीय सूचना फुकट जाते.

'इंग्रजीवाचून विज्ञान शिकताच येत नाही म्हणे!' हे वाक्य पाहावे. येथे प्रतिपक्षाचे विधान उद्धृत झाले आहे, आणि कोणतेही कारण न देता त्याचा निकालही लागला आहे. हे काम एकट्या 'म्हणे'ने केले. ऐकीव माहिती सांगणारे हे रूप बोलणाऱ्यास विधानाच्या जबाबदारीतून मुक्त करते. त्यामागे 'काय तर' जोडले की उपहास पुरा होतो. निबंधात विद्यार्थी 'म्हणे' सहसा लिहीत नाही, पण त्याची प्रतिष्ठित भावंडे लिहितो : 'काही लोकांचा असा गैरसमज आहे', 'तथाकथित विचारवंत म्हणतात', 'कोणी म्हणेल'. हे 'कोणी' कोण, त्याने हे कोठे म्हटले, त्याची कारणे कोणती, हे सांगण्याची सोयच या रचनेत उरत नाही. 'गैरसमज' हा शब्द तर सिद्धांत आधी सांगून पूर्वपक्ष नंतर मांडण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट 'पण'ची. 'मराठीत परिभाषा अपुरी आहे, पण ती घडविता येईल' आणि 'परिभाषा घडविता येईल, पण आज ती अपुरी आहे', या दोन वाक्यांत घटना त्याच आहेत; निष्कर्ष मात्र उलट दिशांना जातात. 'पण'च्या पुढे जे येते त्याचे वजन वाक्यावर पडते. 'जरी–तरी' या जोडीत 'जरी'च्या वाट्याला नेहमी गौण वाक्यच येते. विद्यार्थी प्रतिपक्षाला सदैव या गौण वाक्यात बसवितो आणि न्याय दिल्याचे समाधान मानतो. 'हे खरे असले तरी' असे लिहिताना ते नेमके किती खरे आहे, हे त्याने ठरविलेले नसते. व्याकरणाच्या तासाला उभयान्वयी अव्यये शिकविली जातात ती वर्गीकरणासाठी. विरोधदर्शक अव्ययाने युक्तिवादाचा तोल कसा फिरतो, हे त्या तासाला कोणी दाखवीत नाही, आणि निबंधाच्या तासाला व्याकरण निघत नाही.

याहून गंभीर दोष आक्षेपाच्या निवडीचा. उच्च शिक्षण मराठीतून असावे, या विषयावरचा निबंध घ्यावा. परिभाषेची उणीव हाच आक्षेप बहुतेक निबंधांत येतो, कारण त्याला उत्तर देणे सोपे असते. वस्तुतः मराठी माध्यमापुढचा बळकट आक्षेप निराळा आहे. ज्यांना शतकानुशतके विद्येच्या दाराबाहेर ठेवले गेले, त्यांना इंग्रजीने एक वेगळा दरवाजा उघडून दिला. आता तो लावून घ्या असे त्यांना सांगण्याचा अधिकार कोणाचा? सावित्रीबाई फुले यांच्या १८५४ च्या 'काव्यफुले' संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या कविता आहेत, ही गोष्ट या संदर्भात नजरेआड करता येत नाही. हा आक्षेप स्वीकारला तर मराठी माध्यमाचा पुरस्कर्ता आपले मूळ विधान तसेच ठेवू शकत नाही. त्याला माध्यमाचा प्रश्न आणि इंग्रजीच्या उपलब्धतेचा प्रश्न वेगळे करावे लागतात, पहिल्याचा आग्रह धरताना दुसऱ्याची हमी द्यावी लागते. ज्या आक्षेपामुळे सिद्धांताचे शब्द बदलावे लागतात तोच घेण्याजोगा; बाकीचे नुसते भरताड.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याविषयी लिहितानाही हीच गफलत होते. वयाची मर्यादा दहावरून बारावर नेणाऱ्या या कायद्याला टिळकांनी विरोध केला, एवढे विद्यार्थ्यास ठाऊक असते. म्हणून तो टिळकांच्या तोंडी बालविवाहाचे सरसकट समर्थन घालतो व आगरकरांच्या बाजूने त्याचे खंडन करतो. वास्तविक टिळकांच्या विरोधाचा रोख परकीय सरकारने समाजाच्या चालीरीतींत कायद्याने हात घालावा याविरुद्ध होता. सुधारकांनी मुलींची लग्ने सोळा वर्षांच्या आत न करण्याचे बंधन आधी स्वतःवर घालून घ्यावे, अशी सूचनाही त्यांनी १८९० मध्ये पुढे केली होती. ही भूमिका कोणास पटो वा न पटो, तिचे उत्तर निराळे द्यावे लागते : अल्पवयीन मुलीचे शरीर धोक्यात असताना समाजाच्या स्वेच्छेची वाट किती पाहावयाची, असे विचारावे लागते. बालविवाहाचे दोष सांगितल्याने या भूमिकेस उत्तर मिळत नाही.

आपल्या शास्त्रपरंपरेने या बाबतीत जी शिस्त घालून दिली, तिचा अभिमान आपण पुष्कळ सांगतो. उपयोग थोडा करतो. मीमांसेच्या अधिकरणात विषय व संशय यांच्या मागोमाग पूर्वपक्ष येतो, म्हणजे सिद्धांत उच्चारला जाण्यापूर्वी. आमच्या निबंधात तो शेवटून दुसरा येतो, हा फरक केवळ क्रमाचा नाही. न्यायसूत्रांनी वाद, जल्प व वितंडा असा भेद केला. त्यात स्वतःचा पक्ष न स्थापता केवळ दुसऱ्याचे खोडून काढणे ही वितंडा. पतंजलीच्या महाभाष्यात तर अमुक वाक्य कोणाचे, हे ठरविण्यासाठी टीकाकारांना परिश्रम करावे लागतात, इतक्या समर्थपणे पूर्वपक्षी बोलतो. शिवाय तेथे पूर्वपक्षी व सिद्धांती यांच्यामध्ये 'एकदेशी' नावाचा तिसरा असतो : सिद्धांताच्या बाजूचाच, पण अपुरे उत्तर देणारा. विद्यार्थ्यास याची ओळख करून देणे अत्यंत उपयुक्त आहे, कारण त्याचे पहिले उत्तर बहुधा एकदेशीचेच असते.

आधुनिक मराठी गद्याने मात्र दोन्ही प्रकारचे नमुने दिले आहेत. १८७४ साली सुरू झालेल्या 'निबंधमाले'ने मराठी वाक्याला जे सामर्थ्य दिले ते निर्विवाद आहे. पण जोतीराव फुले यांच्यावर लिहिताना चिपळूणकरांनी त्यांच्या भाषेच्या अशुद्धतेची जी थट्टा केली, तिने फुल्यांच्या मूळ प्रश्नाला उत्तर मिळाले असे म्हणता येणार नाही. शैलीचा आदर्श म्हणून आपण ही पाने वर्गात वाचतो, तेव्हा प्रतिपक्षाला हास्यास्पद करणे म्हणजेच त्याचे खंडन करणे, हा धडाही नकळत दिला जातो. (फुल्यांच्या 'गुलामगिरी'तील संवादही या दृष्टीने नमुना ठरत नाही, तेथील धोंडीबा शंका विचारतो, विरोध करीत नाही.) याउलट ताराबाई शिंदे यांनी १८८२ च्या 'स्त्रीपुरुषतुलने'त स्त्रियांवरचे दोषारोप एकेक करून पुढे घेतले, आणि ते पुरुषांना किती लागू पडतात ते दाखविले. तेथेही उपहास आहे, पण तो आरोप पुरता ऐकून घेतल्यावरचा आहे.

येथे एक आक्षेप रास्त आहे. सर्वच मते पूर्वपक्षाच्या मानाला पात्र असतात काय? अस्पृश्यतेचे समर्थन विद्यार्थ्याने सहानुभूतीने मांडावे, असे सांगणे क्रूरपणाचे नाही काय? ज्याच्यावर तो अन्याय झाला त्यालाच हे काम सांगणे क्रूरपणाचे आहे, हे मान्य केले पाहिजे. सक्ती तेथे नसावी. परंतु डॉ. आंबेडकरांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे १९३६ मध्ये प्रसिद्ध केल्यावर गांधीजींनी 'हरिजन'मधून जी टीका केली, ती १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी आपल्या उत्तरासह छापली. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत आपल्या ग्रंथात दाखल करणे हा त्या मताचा गौरव नव्हता. आपले उत्तर कशाला दिले आहे हे वाचकाने स्वतः पाहावे, एवढाच त्याचा अर्थ.

केवळ आक्षेपाचा उल्लेख करणे पुरेसे नाही, याला मानसशास्त्रीय संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकी सैनिकांवर केलेले होव्हलंड व त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रयोग १९४९ मध्ये ग्रंथरूपाने आले. आधीच विरुद्ध मताच्या श्रोत्यांवर दोन्ही बाजू मांडणाऱ्या भाषणाचा परिणाम अधिक झाला, असे त्यांत दिसले. पुढे ओकीफ यांनी १९९९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यानुसार आक्षेप सांगून त्याचे उत्तर देणारे लेखन एकांगी लेखनाहून प्रभावी ठरते, पण आक्षेप सांगून तसाच सोडणारे लेखन एकांगी लेखनाहूनही दुबळे ठरते. ठरीव परिच्छेद लिहिण्यापेक्षा तो न लिहिणे बरे, असाच याचा व्यावहारिक अर्थ होतो.

वर्गापुरती योजना अशी सुचविता येईल. निबंधाआधी पूर्वपक्षाचा स्वतंत्र कागद लिहवून घ्यावा, आणि त्यात 'गैरसमज', 'तथाकथित', 'काही लोक' हे शब्द वर्ज्य ठरवावेत. तो कागद वर्गातील त्या मताच्या विद्यार्थ्याने वाचून 'हे माझेच म्हणणे आहे' असे लिहून खाली सही करावी. सही मिळेपर्यंत निबंधास आरंभ करू नये. निबंध पुरा झाल्यावर लेखकाने आपले पहिले विधान व अखेरचे विधान शेजारी शेजारी उतरवावे आणि आक्षेपामुळे कोणता शब्द बदलला तो अधोरेखित करावा. दहा गुणांपैकी चार या अधोरेखित शब्दाच्या समर्थनाला ठेवल्यास 'नाण्याच्या दुसऱ्या बाजू'ला गुण उरणार नाहीत.