करुणगीत आणि श्रोत्याचे अश्रू

करुणरसाच्या आस्वादात दुःख असते की आनंद, हा वाद आपल्या साहित्यशास्त्राला नवा नाही. करुणातही आनंदच असतो, तसे नसते तर रामायणाकडे कोणी वळलेच नसते, असे विश्वनाथाने चौदाव्या शतकात ‘साहित्यदर्पणा’त प्रतिपादन केले. मग डोळ्यांत पाणी का येते? चित्त द्रवते म्हणून, हे त्याचे उत्तर. त्याच्या सुमारे दोन शतके आधी ‘नाट्यदर्पण’कार रामचंद्र व गुणचंद्र यांनी मात्र करुणास दुःखात्मकच मानले होते. प्रेक्षक त्यात रमतो, तो कवीच्या व नटाच्या कौशल्याने चकित होऊन, असे त्यांचे म्हणणे. मराठीत के. ना. वाटवे यांच्या ‘रसविमर्शा’ने (१९४२) रसविचाराची मानसशास्त्राच्या अंगाने फेरतपासणी केली.

ही सारी चर्चा मुख्यतः नाट्य आणि काव्य यांना समोर ठेवून झाली. गीताचा प्रश्न थोडा निराळा आहे. नाटकात सीतेचा पूर्वेतिहास आपणांस ठाऊक असतो. अंक उलगडत जातात, तसे दुःख साठत जाते. चार ओळींच्या गीतात कथानक नसते, पात्राचे नावही नसते. तरी श्रोता रडतो. कोणासाठी?

एक परिचित उदाहरण घेऊ. भैरवीतील ‘बाबुल मोरा’ ही ठुमरी अवधचा अखेरचा नवाब वाजिद अली शाह याची मानली जाते. १८५६ मध्ये कंपनी सरकारने अवध खालसा केले. नवाब लखनौ सोडून कलकत्त्यास गेला आणि १८८७ मध्ये तेथेच मटियाबुर्ज येथे वारला. ठुमरीत मात्र ना राज्य आहे, ना लखनौ. तिच्यात बापाचे घर सोडणारी नवरी आहे आणि डोली उचलणारे चार भोई. १९३८ साली कुंदनलाल सैगल यांनी न्यू थिएटर्सच्या ‘स्ट्रीट सिंगर’ या चित्रपटात ती गायिली, तीही नवाबाच्या वनवासाच्याच नगरीत, कलकत्त्यात. तेव्हापासून ज्यांना सासर नाही आणि सिंहासनही नाही, अशा असंख्य श्रोत्यांचे डोळे तिने ओले केले आहेत.

हे भैरवीच्या कोमल स्वरांचे सामर्थ्य, असे कोणी म्हणेल. परंतु त्याच भैरवीने मैफलीची प्रसन्न सांगता होते. तिच्यात खेळकर दादरेही गायिले जातात. केवळ स्वरांत शोक साठविलेला असता तर असे घडते ना. उलट केवळ शब्दांचा हा प्रभाव म्हणावा, तर तीच पदरचना गद्यात वाचून दाखविल्यास सहसा कोणाचा कंठ दाटत नाही. तेव्हा कारण शब्द व स्वर यांच्या परस्परसंबंधात शोधले पाहिजे.

तो संबंध विरोधाचा आहे. शब्द म्हणतात, ‘मी निघाले’. ठुमरीची चाल मात्र निघू देत नाही. बोल बनवीत बनवीत गायक पुन्हा मुखड्याकडे येतो, समेवर टेकतो, आणि माहेर सुटत असताना सुटतच नाही. जीवनात वियोग एकदाच घडतो, आणि बहुधा इतक्या घाईने की, त्याचे पुरते दुःख करण्यासही अवसर मिळत नाही. गीत तो अवसर देते. म्हणूनच डोळे पहिल्या उच्चारास नव्हे, तर तीच ओळ तिसऱ्या-चौथ्यांदा परतते तेव्हा भरून येतात. मर्ढेकरांनी लयीची जी तीन तत्त्वे सांगितली, संवाद, विरोध आणि समतोल, त्यांपैकी विरोध व समतोल यांचा इतका साधा प्रत्यय अन्यत्र क्वचितच येईल.

दुसरे कारण गायकाच्या संयमात आहे. रडणे आणि गाणे यांस एकच श्वास लागतो. जो खरोखर हुंदके देतो, त्याला गाता येत नाही. गाणे म्हणजे आवरून धरलेले रडणे होय. सैगल हुंदका देत नाहीत. बोलल्यासारखे, खालच्या आवाजात गातात. त्यांनी जे आवरले, ते श्रोत्याकडे येते. याउलट गळ्यात कृत्रिम कंप आणून शोक दाखविणारा गायक श्रोत्यासाठी काही शिल्लकच ठेवत नाही. श्रोता मग केवळ बघ्या होतो.

जात्यावरच्या ओव्यांशी हे ताडून पाहता येईल. हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ यांच्या प्रयत्नांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांत सासुरवाशिणीचे माहेर वारंवार येते. येथे मैफल नाही, कित्येकदा श्रोताही नाही. आहे ते जाते. परंतु तत्त्व तेच. दगडाचा फेरा फिरून त्याच ठिकाणी येतो, ओवीही येते. दळण पुरे व्हायचे असल्याने दुःखाला हाताच्या लयीत राहावे लागते. जी कवी म्हणून गात नाही, तिच्या ओवीनेही ऐकणारा हेलावतो, तो या संयमामुळेच. ‘नाट्यदर्पण’कारांचे कौशल्याचे कारण येथे अपुरे पडते.

न. चिं. केळकरांच्या सविकल्प समाधीचा अर्थ येथे नव्याने ध्यानात येतो. नवाबाने नवरीचे दुःख उसने घेतले, श्रोता ते त्या दोघांकडून उसने घेतो. आपण त्या दोघांपैकी कोणीच नाही याचे भान मात्र त्याला सुटत नाही. उसनेपणामुळे दुःख खोटे ठरत नाही. ते वाटून घेता येण्याजोगे होते.

यातून समीक्षेपुढे एक कर्तव्य उभे राहते. रूपाची चिकित्सा करणाऱ्या समीक्षेने श्रोत्याच्या अश्रूंना भाबडेपणा समजून दाराबाहेर ठेवले, तर लोकप्रियतेच्या पूजकांनी त्यांनाच गुणवत्तेचे माप ठरविले. दोन्ही भूमिका सारख्याच आळशी आहेत. डोळ्यांत पाणी आले एवढ्याने गीत श्रेष्ठ होत नाही; आई, मरण, वियोग यांचा नुसता उच्चारही ते आणू शकतो. परंतु कोणत्या ओळीला, कितव्या आवर्तनाला आणि गायकाने काय आवरले असता ते आले, हे पाहिले, तर अश्रू रूपाचेच साक्षीदार ठरतात. त्यांची साक्ष नोंदवून घ्यावी. निकाल मात्र समीक्षकाने स्वतः द्यावा.